अमेरिकेत सरकारने कुणाचं किती बघायचं? सामाजिक योजनांच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतली निवडणूक असो की सरकार ठप्प झाल्याची बातमी, भांडण फिरून एकाच ठिकाणी येतं: म्हाताऱ्या, आजारी, बेकार आणि गरीब माणसाचं सरकारने किती बघायचं, आणि कोणत्या सरकारने? राज्यशास्त्र शिकणारी मुलं, मुलगा-सून तिकडे असलेले पालक आणि नुसत्या कुतूहलाने बातम्या वाचणारे लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. मी या विषयात तटस्थ नाही. माझं मत जिथे आहे, तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

वाद नेमका कशाचा आहे? ‘सरकार हवं की नको’ असा आहे का?

वरवर तसा दिसतो, पण आत गेलं की वेगळा निघतो. एका बाजूचं म्हणणं असं: कारखाना बंद पडणं, कर्करोग होणं, म्हातारपणी हात रिकामे राहणं यात माणसाचा दोष असतोच असं नाही. हा भार एकट्यादुकट्याला झेपत नाही, म्हणून तो साऱ्या देशाने मिळून उचलावा. दुसरी बाजू म्हणते, जबाबदारी आधी कुटुंबाची, मग शेजाराची आणि चर्चची, मग गावाची आणि राज्याची. वॉशिंग्टनचा पैसा येतो तेव्हा वॉशिंग्टनचा हुकूमही येतो आणि घेणाऱ्याला परावलंबनाची सवय लागते. तिसरा, संख्येने लहान पण आवाजाने मोठा गट व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचा. एकाच्या खिशातून सक्तीने काढून दुसऱ्याला देणं हेच त्यांना मुळात मान्य नाही.

प्रत्यक्षात सत्तेवर कुणीही आलं तरी पैसा खर्च होतोच. मेडिकेअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यात, औषधांचा खर्च घालणारा कायदा २००३ मध्ये एरवी कमी सरकार मागणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केला. म्हणून भांडण ‘द्यायचं की नाही’ यापेक्षा कोण देणार, कुणाला, कोणत्या अटीवर आणि दिसेल असं की न दिसेल असं, यावर जास्त आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

केंद्राबद्दलचा हा अविश्वास आला कुठून?

राज्यघटनेच्या वाचनातून. दहावी घटनादुरुस्ती सांगते की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. १८५४ मध्ये याची मोठी कसोटी लागली. डोरोथिया डिक्स या बाईंनी तुरुंगांत आणि गरिबांच्या आश्रयगृहांत साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण स्वतः फिरून पाहिले होते. त्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर संसदेने अशा रुग्णांसाठी आणि अंध-बधिरांसाठी सुमारे १ कोटी २२ लाख एकर सरकारी जमीन द्यायचं विधेयक मंजूर केलं. अध्यक्ष फ्रँकलिन पीअर्स यांनी ते नाकारलं. साऱ्या देशाचा दानधर्म केंद्राने करावा असा अधिकार आपल्याला घटनेत कुठे सापडत नाही, असं त्यांनी लिहिलं. १८८७ मध्ये टेक्सासच्या दुष्काळात बियाण्यांसाठी अवघे १०,००० डॉलर देण्याचं विधेयक अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी फेटाळलं. लोकांनी सरकारला पोसायचं असतं, सरकारने लोकांना नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

पण त्याच शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना जमिनी वाटल्या. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्यांना १६० एकरांचे तुकडे जवळजवळ फुकट दिले आणि यादवी युद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनवर तिजोरीचा मोठा हिस्सा खर्च केला. ही मदत कुणालाच मदत वाटली नाही. जमीन कसणारा कष्टाळू होता, सैनिकाने रक्त सांडलं होतं. लायक कोण आणि नालायक कोण, ही विभागणी इतकी जुनी आहे.

मग १९३५ मध्ये काय बदललं?

महामंदीने जुना युक्तिवाद मोडला. १९३३ मध्ये दर चार कामगारांतला साधारण एक बेकार होता. व्यक्तीने स्वतःच्या हिमतीवर उभं राहावं असं सांगणारे अध्यक्ष हर्बर्ट हूवर निवडणूक हरले आणि फ्रँकलिन रूझवेल्ट आले. त्यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स या अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. त्यांच्या समितीने आखलेला, म्हातारपणी पेन्शन देणारा सोशल सिक्युरिटी कायदा १४ ऑगस्ट १९३५ रोजी झाला आणि १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

या कायद्यातलं शहाणपण त्याच्या वसुलीत आहे. पैसा सर्वसाधारण करातून न घेता कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून घेतला गेला. गरिबाच्या खिशाला हे जड जातं, ही तक्रार तेव्हाही होती. रूझवेल्ट यांचं उत्तर राजकीय होतं: लोकांनी स्वतः वर्गणी भरली की त्यांना ती पेन्शन हक्काची वाटेल आणि पुढे कोणताही राजकारणी तिला हात लावू शकणार नाही. नव्वद वर्षं झाली, हा अंदाज खरा ठरला आहे.

शेतमजूर आणि घरकाम करणारे मात्र त्यातून वगळले गेले. दक्षिणेत ही कामं मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय करत. वगळण्यामागे वंशभेद किती आणि वर्गणी गोळा करण्याची अडचण किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाबद्दल मतभेद नाहीत. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज होती, त्यांतले लाखो लोक १९५० च्या दशकापर्यंत बाहेर राहिले.

माझ्या मुलाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापतात. तो परत आला तर ती मिळते का?

त्याच्या पगाराच्या स्लिपवर दोन कपाती दिसतील: सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. तेवढीच रक्कम कंपनी आपल्याकडून भरते. पेन्शनला पात्र व्हायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम. एच-१बी व्हिसावर सहा वर्षं काढून पुण्याला परतलेल्याचे पैसे त्याला मिळत नाहीत. आपल्या पीएफसारखं हे स्वतःच्या नावाचं खातं नाही. आजच्या कामगाराची वर्गणी आजच्या म्हाताऱ्यांना जाते.

अनेक देशांनी अमेरिकेशी करार करून दोन्हीकडची कामाची वर्षं एकत्र मोजण्याची सोय केली आहे. भारताचा असा करार नाही. कित्येक वर्षं भारत तो मागतो आहे आणि इतक्या मराठी घरांचा पैसा त्यात अडकलेला असूनही आपल्याकडे त्याची चर्चा होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मेडिकेअरला हात लावायला सगळे घाबरतात आणि मेडिकेडवर मात्र कात्री चालते. असं का?

दोन्ही योजना एकाच दिवशी जन्मल्या. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावी, माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या शेजारी बसून सही केली आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड ट्रूमन यांना दिलं. सर्वांसाठी आरोग्य विमा आणण्याचा ट्रूमन यांचा प्रयत्न डॉक्टरांच्या संघटनेने हाणून पाडला होता. याच संघटनेसाठी १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन नावाच्या अभिनेत्याने एक ध्वनिमुद्रिका केली होती: सरकारी वैद्यकीय मदत म्हणजे समाजवादाची पहिली पायरी.

मेडिकेअर ६५ वर्षांवरच्या जवळपास सगळ्यांना आहे, श्रीमंत असो वा गरीब. सगळ्यांनी आयुष्यभर पैसे भरलेले असतात, म्हणून ती कमाई वाटते. मेडिकेड गरिबांसाठी आहे, खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात, नियम राज्यागणिक बदलतात. तिच्यामागे उभी राहणारी माणसं मतदानाला कमी येतात. २००९ मध्ये आरोग्य सुधारणांवर सभा चालल्या होत्या, तेव्हा साउथ कॅरोलायनाचे खासदार बॉब इंग्लिस यांना एका मतदाराने बजावलं की सरकारने माझ्या मेडिकेअरपासून हात दूर ठेवावेत. इंग्लिस यांनी त्याला समजावलं की मेडिकेअर सरकारच चालवतं. त्याला ते पटलं नाही. या माणसाला वेडा ठरवणं सोपं आहे, पण रूझवेल्ट यांनी जे पेरलं तेच तो बोलत होता: हे माझं आहे, सरकारचं नाही.

कामाची अट म्हणजे काय आणि तिच्यावरून एवढं रान का पेटतं?

दोन्ही बाजूंचा माणसाबद्दलचा विश्वास या अटीत उघडा पडतो, म्हणून.

१९९६ च्या जानेवारीत बिल क्लिंटन यांनी, म्हणजे डेमोक्रॅटिक अध्यक्षांनी, मोठ्या सरकारचं युग संपलं असं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये रिपब्लिकन संसदेने केलेल्या कायद्यावर सही केली. गरीब मुलांच्या कुटुंबांना मिळणारी रोख मदत त्याआधी हक्काची होती. तिच्या जागी टॅनफ आली: आयुष्यात केंद्राच्या पैशातून जास्तीत जास्त ६० महिने, कामाची अट आणि राज्यांना वर्षाला १६.५ अब्ज डॉलरचा ठोक निधी. निषेध म्हणून क्लिंटन यांचेच अधिकारी पीटर एडेलमन यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षांत एकट्या आयांचं नोकरीचं प्रमाण खरंच वाढलं आणि समर्थक आजही ते दाखवतात. मात्र त्याच काळात अर्थव्यवस्था जोरात होती आणि कमी पगारावर काम करणाऱ्यांना मिळणारी करसवलतही वाढवली होती. त्यामुळे श्रेय कुणाचं, हे भांडण उरतंच. १६.५ अब्जांचा आकडा महागाई वाढूनही तिथेच राहिला आहे.

आर्कान्सॉमध्ये २०१८ ला काय झालं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मेडिकेड घेणाऱ्यांनी महिन्याला ८० तास काम केल्याचं दाखवायचं होतं. सुरुवातीला ही नोंद फक्त ऑनलाइन करता येत होती आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायचं. दिवसभर उभ्याने काम करून घरी आलेल्या बाईने नोंद करायची कधी? काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचा विमा गेला. नोकऱ्या वाढल्याचं अभ्यासात दिसलं नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने हा प्रकार थांबवला. तरी जुलै २०२५ च्या कायद्याने ८० तासांची तीच अट देशभर, मेडिकेडच्या विस्तारात (त्याबद्दल पुढे) आलेल्या प्रौढांना लावली आहे. २०२७ च्या सुरुवातीपर्यंत राज्यांनी ती अमलात आणायची आहे.

धडधाकट माणसाने काम करावं, ही अपेक्षा मला चुकीची वाटत नाही. बहुतेक अमेरिकनांना ती रास्त वाटते. पण काम करणारा माणूस फॉर्म भरता न आल्याने औषधाला मुकत असेल, तर ती अट कामाची राहत नाही, कागदाची होते.

फूड स्टॅम्पवर काय काय घेता येतं?

फूड स्टॅम्प म्हणजे गरिबांना अन्न घेण्यासाठी मिळणारी सरकारी मदत. आज त्याला स्नॅप म्हणतात आणि ते डेबिट कार्डासारख्या कार्डावर मिळतं. दूध, भाजी, मांस, पाव, बियाणं चालतं. साबण, डायपर, दारू, सिगारेट चालत नाही. गरम शिजवलेलं अन्नही चालत नाही. दुकानात भाजलेली कोंबडी गरम पेटीत असेल तर कार्ड चालणार नाही, तीच थंड करून फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल. घरात चूल नसलेल्या, गाडीत झोपणाऱ्या माणसाला हा नियम किती बोचत असेल याचा विचार करा. काही राज्यांनी २०२५ मध्ये सोडा आणि गोळ्या-चॉकलेटवरही बंदी घालायची परवानगी मिळवली.

मदत फक्त गरिबांना मिळते, मध्यमवर्ग स्वतःच्या पायावर उभा आहे. हे खरं आहे का?

नाही, आणि माझ्या मते साऱ्या वादाची गाठ इथे आहे. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारने निर्बंध घातले, तेव्हा कंपन्या कामगारांना ओढण्यासाठी आरोग्य विमा देऊ लागल्या. त्या विम्यावर कर लागत नाही आणि १९५४ मध्ये ही सूट कायद्यात पक्की झाली. घरकर्जाच्या व्याजावर सूट आहे. निवृत्तीच्या बचतीवर सूट आहे. ज्याचा पगार मोठा आणि घर मोठं, त्याचा फायदा मोठा. सरकारने चेक लिहिला काय आणि कर सोडला काय, तिजोरीला फरक सारखाच पडतो.

राज्यशास्त्रज्ञ सुझॅन मेटलर यांनी २००८ मध्ये लोकांना विचारलं, तुम्ही कधी सरकारी योजनेचा लाभ घेतला आहे का? घरकर्जाच्या व्याजावर सूट घेणाऱ्यांतल्या ६० टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. सोशल सिक्युरिटी घेणाऱ्यांतल्या ४४ टक्क्यांनी आणि मेडिकेअर घेणाऱ्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांनीही तेच सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मिळणारी मदत त्यांना दिसतच नाही. दुकानाच्या काउंटरवर कार्ड काढणारी बाई मात्र रांगेतल्या सगळ्यांना दिसते. एकाचं दिसतं आणि दुसऱ्याचं दिसत नाही, तोवर ‘आम्ही कर भरतो आणि ते खातात’ ही भावना मरणार नाही.

राज्याराज्यांत एवढा फरक का?

बऱ्याच अंशी मुद्दाम. राज्यं ही प्रयोगशाळा आहेत, एकाने प्रयोग करावा आणि बाकीच्यांनी शिकावं, ही न्यायमूर्ती ब्रँडाइस यांची १९३२ मधली कल्पना दोन्ही पक्ष सोयीनुसार वापरतात. मॅसॅच्युसेट्सने २००६ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी असताना सर्वांना विमा देण्याचा प्रयोग केला आणि तोच २०१० च्या ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचा साचा झाला.

त्या कायद्याने सगळ्या राज्यांत मेडिकेड वाढणार होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा घेण्याची सक्ती कर म्हणून उचलून धरली, पण मेडिकेड वाढवायला राज्यांना भाग पाडता येणार नाही असं सांगितलं. १० राज्यांनी अजून ते वाढवलेलं नाही. टेक्सासमध्ये दोन मुलांच्या एकट्या आईला मेडिकेड हवं असेल तर तिची महिन्याची कमाई ४०० डॉलरच्याही आत असावी लागते. त्याहून जास्त कमावलं तर मेडिकेड नाही आणि दारिद्र्यरेषेच्या खाली आहे म्हणून बाजारातल्या विम्यावर अनुदानही नाही. सीमा ओलांडून लुईझियानात गेली तर तिला विमा मिळतो. ठोक निधीचा दुसरा धोका मिसिसिपीत दिसला. गरिबांसाठीच्या टॅनफमधले कोट्यवधी डॉलर भलतीकडे वळले, त्यातले काही विद्यापीठातल्या व्हॉलीबॉलच्या इमारतीवर गेले.

परंपरावादी नेहमीच कमी सरकार मागतात का?

नाही. गर्भपातासारख्या प्रश्नावर त्यांच्यातल्या अनेकांना राज्याचा कायदा कडक हवा असतो आणि सरकारने दूर राहावं असं उदारमतवादी म्हणतात. रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकिर्दीत दोन्ही प्रवाह एकाच माणसात दिसतात. १९६९ मध्ये त्यांनी गरीब कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना मांडली, ती सिनेटमध्ये अडली. १९७१ मध्ये पाळणाघरांचं देशव्यापी जाळं उभारणारं विधेयक त्यांनीच फेटाळलं, मुलं वाढवणं हे कुटुंबाचं काम आहे म्हणून. आजही अमेरिकेत बाळंतपणाची पगारी रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी.

ग्रीन कार्डावर गेलेल्या आईवडिलांना काय मिळतं?

सुरुवातीला फारसं नाही. १९९६ च्या आणि नंतरच्या कायद्यांनी नव्या ग्रीन कार्डधारकांना मेडिकेड आणि फूड स्टॅम्पसाठी साधारण पाच वर्षं थांबायला लावलं, काही राज्यं स्वतःच्या पैशातून सूट देतात. ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झालं की हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. मुलाने बोलावताना सही केलेलं हमीपत्र कायद्याने बंधनकारक असतं. ‘आधी कुटुंब’ हा विचार इथे प्रतिज्ञापत्रावर उतरला आहे. निघण्याआधी पाच वर्षांच्या खासगी विम्याचा हिशेब घरात बसून करा.

२०२५ मध्ये सरकार ४३ दिवस ठप्प का होतं?

खर्चाला संसदेची मंजुरी मिळाली नाही की तिथलं सरकारी कामकाज थांबतं. विमा हप्त्यांवरचं २०२१ मध्ये वाढवलेलं अनुदान वर्षअखेर संपणार होतं. ते चालू ठेवा, ही डेमोक्रॅट्सची मागणी होती आणि आधी सरकार चालू करा, मग बोलू, हे रिपब्लिकनांचं उत्तर. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर हे चाललं. नोव्हेंबरचे फूड स्टॅम्प अनेक ठिकाणी रखडले. तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख लोक त्यावर अवलंबून होते.

आकडे समोर असताना वाद मिटत का नाही?

२०२१ चं उदाहरण घ्या. मुलांमागे मिळणारी करसवलत त्या वर्षापुरती वाढवली होती. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर आणि त्याहून मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर, त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यावर, आईबाप कमावत असोत वा नसोत. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. योजना संपली आणि २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झालं. याहून स्पष्ट आकडे सामाजिक धोरणात क्वचित मिळतात. तरी सिनेटर जो मँचिन, स्वतः डेमोक्रॅट, कामाच्या अटीशिवाय ती वाढवायला तयार झाले नाहीत. त्यांचा आक्षेप पैसा पोचतो का, यावर नव्हता. काम न करता तो मिळावा का, यावर होता. पहिल्या प्रश्नाला आकडेवारी उत्तर देते, दुसऱ्याला देत नाही. मला ती योजना थांबवणं मोठी चूक वाटते, मुलांनी तर कोणतीही अट मोडली नव्हती.

सोशल सिक्युरिटी बुडणार आहे का?

पूर्ण नाही. २०२५ च्या विश्वस्त अहवालानुसार निवृत्ती निधीतली साठवण २०३३ मध्ये संपेल. त्यानंतर येणाऱ्या वर्गणीतून ठरलेल्या पेन्शनच्या ७७ टक्के देता येतील. एक बाजू म्हणते, ठरावीक मर्यादेच्या (२०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलर होती) वरच्या पगारावर वर्गणीच लागत नाही, ती मर्यादा उठवा. दुसरी म्हणते, निवृत्तीचं वय वाढवा किंवा तरुणांचा थोडा पैसा त्यांच्या स्वतःच्या खात्यात गुंतवा. २००५ मध्ये बुश यांनी ही खाती आणायचा प्रयत्न केला आणि त्यांच्याच पक्षाचे खासदार मागे सरले. १९८३ मध्ये मात्र तोवर अध्यक्ष झालेले रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओ’नील यांनी मिळून तोडगा काढला होता: वय हळूहळू ६७ करायचं, वर्गणीची वाढ लवकर आणायची, जास्त उत्पन्नवाल्यांच्या पेन्शनच्या काही भागावर कर लावायचा. तेव्हाही निधी संपायला थोडेच महिने उरले होते.